सिस्टरचा डबा आणि आईंचं ताट

फुकट आलेली वस्तू मी आधी हुंगून बघते. ही सवय माहेरची, पण बालाघाटला सासरी आल्यावर ती पक्की झाली. त्यामुळे समोरच्या घरातली सिस्टर डबा घेऊन आमच्या फाटकाशी उभी राहिली तेव्हा मी तोंडभर हसले, डबा घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन झाकण उघडलं. कुटकीची, म्हणजे इकडच्या बारीक भरडधान्याची, पेज होती, वर जिरं आणि थोडं तूप. संशय घ्यावा असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून मला जास्तच संशय आला.

सिस्टर म्हणजे उकव्याच्या खाणीतल्या मजुराची मुलगी. ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, नवरा कधीच गेला, मुलगी जबलपूरला दिली, आता निवृत्त होऊन एकटी राहते. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाते, एरवी अंगणातल्या शेवग्याची, इकडच्या भाषेत मुनग्याची, पानं खुडत बसलेली असते. गल्लीत कोणी आजारी पडलं की तिचा डबा तिथे पोचतोच. गल्ली डबा चाटून पुसून खाते आणि मागे नावं ठेवते. "आधी पेज येते, मंग प्रार्थना येते, मंग घरातला देव्हारा बाहेर जाते," असं कोपऱ्यावरच्या किराणावालीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिला मी हसले होते. पण बोलणं लक्षात ठेवलं होतं.

आमच्याकडे डबा आला तो सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्यांचं जेवण सुटलं होतं. रडारड नाही, तक्रार नाही. ताटासमोर बसायच्या, घास तोंडात घोळवायच्या, दोन घासांत ताट सरकवायच्या. सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात असो की तांदळाची भाकर, सगळ्याची तीच गत. अंगातला ब्लाउज लोंबायला लागला. डॉक्टरांना आजार काही सापडला नाही. पण अशाच राहिल्या तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ते कितपत सोसेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. नवरा ऑफिसातून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "आई जेवली?" मला त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण उत्तर रोज तेच होतं.

राग यायला आणखी एक कारण होतं. ताट मी वाढत होते, आणि मनापासून वाढत होते. सासरे होते तोवर सासूबाईंना या घरात स्वतःचं ताटच नव्हतं. जुन्या रीतीप्रमाणे ते जेवून उठले की त्यांच्याच उष्ट्या ताटात त्या बसायच्या. ताटात त्यांनी मागे ठेवलेला भात, लोणच्याची अर्धी फोड, तिथून यांचं जेवण सुरू व्हायचं. मला ते बघवत नसे. लग्न झाल्या झाल्या मी नवऱ्याला बजावलं होतं, असलं माझ्याकडून होणार नाही. म्हणून सासरे गेल्यावर मी बाजारातून नवं कोरं, जड बुडाचं स्टीलचं ताट आणलं आणि सगळ्यांच्या आधी, गरम गरम, सासूबाईंना वाढू लागले. जन्मभर शेवटी जेवलेल्या बाईला घरातलं पहिलं ताट. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या ताटात न जेवणारी बाई सिस्टरच्या हातून मात्र जेवली. "तू आपलं काम कर बाई, मी बसते मायजवळ," म्हणून सिस्टरनं खोलीचा पडदा ओढून घेतला आणि थोड्या वेळानं रिकामा डबा घेऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच दुपारी. मी हट्टानं तशीच कुटकी आणून तशीच पेज केली, जिरंही तेवढंच घातलं. सासूबाईंनी दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवली. म्हणजे गोम पेजेत नव्हती, पडद्यामागे होती.

मी पाळत ठेवायला लागले. सासूबाईंच्या गालावर रंग चढत होता, हे दिसत होतं. पण एका संध्याकाळी चहाची बशी तोंडाला लावण्याआधी त्या डोळे मिटून पुटपुटल्या, "आमेन." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "खाऊन राह्यली ना? मंग राहू दे." कटंगीच्या दिरांना हे कसं कळलं देव जाणे, पण त्यांचा फोन आलाच. "वहिनी, ध्यान ठेवा. आईनं धरम बदलला तर आमच्या पोरीले कोण करून घेईन?" मोठी पंचाईत झाली. डबा बंद करावा तर सासूबाईंच्या नाकात नळी, आणि चालू ठेवावा तर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं.

शेवटी एका दुपारी मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं परसात गेले आणि सासूबाईंच्या खिडकीशी उभी राहिले. आत खाटेवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये सिस्टरचं जुनं जर्मनचं ताट. त्यात भाकर आणि मुनग्याची भाजी. सिस्टरनं डोळे मिटले.

"बापा, आजची भाकर तूच देल्ली. आता मायले भूक बी दे. आन् या घरात जी चूल पेटवते, तिच्या हाताले बरकत दे. आमेन."

चूल पेटवणारी म्हणजे मी. माझं नाव या बाईनं आपल्या देवापर्यंत नेलंच कशाला, म्हणून मी चिडले. तेवढ्यात सिस्टरनं भाकर मोडली, भाजीला लावली आणि स्वतःच खाल्ली. आणखी एक घास खाल्ला. मग तेच ताट सासूबाईंपुढे सरकवलं, आणि त्या मुकाट्यानं त्यात जेवू लागल्या. उष्टं! माणूस बाटतो तो उष्ट्यातूनच, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मी ओले कपडे टाकून आत गेले.

"तुम्ही आईंना तुमचं उष्टं खाऊ घालता?"

"हौ," सिस्टर म्हणाली. ती जराही गडबडली नाही. "आमच्यात एकच भाकर मोडतात, सगळे तिच्यातूनच खातात. येशूनं आपल्या माणसाईले तशीच देल्ली होती. आन् माह्या घरी तरी कोन हाय बाई? मी बी एकटीच जेवतो."

मी आणखी काही बोलणार, तर सासूबाईंनी हात वर केला.

"तिले काही नोको म्हणू. तू मले कोरं ताट देतं. चांगल्या मनानं देतं, मले समजते. पण त्या ताटात मले घास नाही जात. हे जेवून उठत, तं मले ताटावरूनच समजे, आज त्यायले भाजी आवडली का नाही, जीव बरा हाय का नाही. कोऱ्या ताटात कोणीच नाही राहत, बाई."

त्या रीतीची मला चीड होती आणि अजूनही आहे. पण सासूबाई त्या उष्ट्या ताटात रोज सासऱ्यांना भेटत होत्या, हे मला कधी दिसलं नव्हतं.

नाताळाच्या आधी सिस्टर मुलीकडे जबलपूरला गेली. जाताना मुनग्याची पानं निवडून देऊन गेली. पहिल्याच दुपारी मी भाजी केली, भात केला आणि जड बुडाचं ताट घेऊन सासूबाईंच्या खाटेवर बसले. त्या ताटाकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे.

"प्रार्थना?" त्यांनी विचारलं.

"मला नाही येत."

मग त्यांनीच डोळे मिटले. चूल पेटवणारीच्या हाताला बरकत मागितली. कोणाकडे मागितली हे मी विचारलं नाही, पण त्यांचं तोंड देव्हाऱ्याच्या बाजूला होतं आणि शेवटी आमेनही म्हणाल्या. दिरांना यातलं अर्धंच सांगायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

मग मी त्यांच्या ताटातला भात कालवला आणि खाल्ला. दोन घास, तीन घास. ताट पुढे सरकवलं. सासूबाई लगेच जेवल्या नाहीत. वाकून ताट न्याहाळत राहिल्या. भात मी मधूनच खाल्ला होता आणि भाजी बोटानं कडेला सारली होती.

"तुले मुनगा नाही आवडत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, मले माहीतच नोतं."

आणि कडेची सगळी भाजी भातात ओढून त्या जेवायला लागल्या.