उपडा रांजण

काशीत दशाश्वमेध घाटावर यजमानांचा संकल्प सांगत होतो, हातात पाणी, तोंडात मंत्र, आणि आमचा सदा गर्दीतून वाट काढत येताना दिसला. त्याच्या पायात चप्पल नव्हती. मी ओळखलं. "बाबा, आत्या गेली..." एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी मागाहून मलेरिया सांगितला, डोक्यात गेलेला. सकाळी तिनं माझ्याशी भांडून चहा घेतला होता हो! शाळा माझी चौथीत सुटली, लिहिणं हे काही माझं काम नव्हे, पण आक्काबद्दल दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा हिवतापानं गेला तेव्हा विशीतही नव्हती, ती संकठा घाटाजवळच्या या घरी परत आली आणि इथलीच झाली. तेव्हापासून डासाचं भय तिच्या मनात बसलं ते बसलंच. दर शनिवारी पदर खोचून निघायची. बादली उपडी, कुंडीखालची थाळी उपडी, गच्चीवरचा फुटका माठ उपडा. दुसऱ्यांच्या घरातही घुसायची. गल्लीतली पोरं ओरडायची, "बुआजी आ रही हैं, बाल्टी उलटो!" मी म्हणायचो, "आक्का, आपण पूजापाठाची माणसं, जरा सबुरीनं." तर म्हणायची, "डास काय गोत्र विचारून चावतो होय रे?"

यंदा तर तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, कारण सूनबाई, आमची मीना, पोटुशी. आधीचं एक पोटातच गेलेलं. "तिला ताप येता कामा नये," एवढंच आक्काचं पालुपद. मच्छरदाणीला भोक दिसलं की सुईदोरा घेऊन बसायची. आणि ताप आला तो तिलाच...

तेरावं झालं आणि मला भीतीनं धरलं. एवढं सगळं उपडं घालणाऱ्या बाईला डास चावला तो आला कुठून? शेजारी बघितलं, मोरी बघितली. मीना जरा कण्हली की मी तिच्या कपाळाला हात लावायचो. ती हसायची. मग एके दिवशी संध्याकाळी दिवे गेलेले, ती चौकात टॉर्च घेऊन काही शोधत होती, आणि एकदम तिचा आवाज बदलला.

"मामंजी, इकडे या. रांजणात बघा."

तो रांजण गंगाजळाचा. यात्रेकरूंना तांब्याचे गडू त्यातूनच भरून, तोंड कथलानं झाळून बंद करून द्यायचे, हा आमचा बापजाद्यांचा धंदा. टॉर्चच्या उजेडात पाण्यात बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या, वर येत होत्या, खाली जात होत्या. मी म्हटलं, "अगं, हे गंगाजळ आहे. यात किडा पडत नाही." मीना म्हणाली, "पण पडलाय ना!"

आक्कानं सगळं बनारस उपडं घातलं असतं, पण या रांजणाला तिनं कधी हात लावला नाही. "गंगामाईला कोण उपडं घालणार?" असं म्हणून त्याला कुंकू लावायची. आणि त्याच्याच बाजूला पाट टाकून तिन्हीसांजेपासून रात्रीपर्यंत वाती वळत बसायची. हल्ली मीनाही तिथेच बसत होती...

गंगाजळ मोरीत कसं ओतायचं? सदा म्हणाला, "मी नेतो बाबा, तुमचे गुडघे..." मी म्हटलं, "गुडघे माझे आहेत." निम्म्या कळश्या मी नेल्या. घाटावर माती उकरून, पाण्यापासून लांब, तिथे पाणी जिरवलं. अळ्या नदीत कशाला सोडायच्या? रांजण आतून काथ्यानं खरडून घासला, उन्हात वाळवला आणि दोघांनी मिळून उपडा घातला. आता गडू यजमानासमोर थेट नदीतून भरतो. गल्लीतले म्हणतात, पंडितजी म्हातारपणी बदलले. म्हणू देत.

मीनाचे दिवस भरत आलेत. काल पावसाची सर येऊन गेली. मी मुद्दाम चौकात गेलो, तर उपड्या रांजणाच्या बुडाला जो खळगा आहे, त्यात ओंजळभर पाणी साचलेलं. आक्काच्या जुन्या लुगड्याचा तुकडा खुंटीला असतो, त्यानं टिपून घेतलं.

आतून मीनानं विचारलं, "मामंजी, पुसलंत का?"

"पुसलं," मी म्हटलं. आणि पुन्हा एकदा हात फिरवून बघितला.