बिनआवाजाची जीप

बाबांची जीप विजेवर मी केली. माझ्या हातांनी, आणि चार माणसं नको म्हणत असताना. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणारे म्हणतात, तुझा काय दोष त्यात.

बाबा वनखात्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर खात्याचीच एक मोडकी जीप त्यांनी लिलावात घेतली, उभी केली, आणि बाजाराच्या दिवशी आतल्या गावांतली माणसं अहेरीला नेऊ-आणू लागले. मग दमा लागला. तळाच्या फटींतून डिझेलचा धूर थेट त्यांच्या नाकात. डॉक्टरांनी जीप सोडायला सांगितली, तेव्हापासून हा माणूस ताटावर नुसता बसायचा आणि उठायचा. मला ते बघवेना. आलापल्लीत माझं ई-रिक्षा दुरुस्तीचं दुकान आहे. म्हटलं, धूरच नको ना, मग इंजिनच काढून टाकू.

वर्ष गेलं त्यात. मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडायची प्लेट तीनदा चुकली, बॅटऱ्यांच्या वजनाने मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले, पासिंगच्या कागदांपायी माझ्या चपला झिजल्या. पण चाक फिरलं त्या दिवशी बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "चालू हाय का बंद हाय, मले तं समजूनच नाई राह्यलं." आणि हसले. किती दिवसांनी हसले ते.

बाबांचे एक जुने सोबती होते, जंगलात त्यांच्याबरोबर वनमजूर म्हणून राबलेले. बाबा त्यांना दादा म्हणत. दादांचं गाव रस्त्यापासून जरा आत, चढावर, सागाच्या झाडीपलीकडे. तिथे कुणी आजारी पडलं की त्याला खाटेवर घालून फाट्यावर आणायचं आणि बाबांनी दवाखान्यात न्यायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. पण रोग्याला रस्त्यावर ताटकळत ठेवायचं नाही. अलीकडच्या नाल्याचा चढ चढताना जीप अशी काही बोंबलायची की गावात ऐकू जायची. ती ऐकली की खाट उचलायची. बाबा फाट्यावर पाच-सात मिनिटं थांबत. कुणी आलं नाही तर समजायचं, सगळे बरे आहेत.

जीप तयार झाल्यावरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी दादांचा निरोप आला, गावात फोन लागत नाही म्हणून माणसाच्या हाती. छातीत दुखून राह्यलं, सकाळपर्यंत बरं नाई वाटलं तं खाट आणतो फाट्यावर. बाबांनी उलट निरोप धाडला, जीप चालू झाली, येतो म्हणा.

सकाळी नाल्याचा चढ आम्ही चढलो तेव्हा कडेला चितळं चरत होती. त्यांनी नुसती मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली. बाबांना केवढं कौतुक त्याचं. मी तर फुगूनच गेले होते.

फाट्यावर कुणी नव्हतं. आम्ही थांबलो. हॉर्न वाजवावा हे सुचलंसुद्धा नाही. जंगलात हॉर्न वाजवायचा नाही, ही बाबांची नोकरीतली शिस्त मीही लहानपणापासून पाळत आलेली. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "जाऊन पाह्यतं का बेटा? मले चढ होत नाई."

"आले असते ना बाबा," मी म्हटलं. "बरं वाटलं असन त्यायले."

खरं सांगायचं तर अहेरीच्या बाजारात जीप दाखवायची घाई झाली होती मला.

दुपारी परतलो तेव्हा खाट फाट्यावर होती. वाट पाहून पाहून शेवटी गावातल्यांनीच ती आणली होती. चादर दादांच्या तोंडावरून ओढलेली. त्यांची बायको खाटेच्या पायाशी बसली होती. आमची जीप अगदी जवळ जाऊन थांबली तरी तिथल्या कुणी वळून पाहिलं नाही.

मग तिने बाबांना पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, "सकाळपासून कान देऊनच होतो भाऊ आमी. तुमची गाडी आलीच नाई."

"आल्ती वहिनी," बाबा म्हणाले, आणि रस्त्यातच खाली बसले.

वेळेवर नेलं असतं तर दादा वाचले असते का, ते कुणालाच माहीत नाही. माझी समजूत घालायला मात्र कुणी येऊ नये.

त्या दिवशी जीप मी घरी आणली. बाबांनी तिला परत हात लावला नाही. एकदा फक्त विचारलं, "ते इंजन कुठी हाय?" भंगारात विकलं होतं मी ते. सांगितलं. ते बरं म्हणाले आणि कूस बदलून पडून राहिले.

बाजाराची फेरी आता मीच करते. फाट्यावर जीप उभी करते, उतरते, चढ चढून गावात जाते आणि घरोघर विचारते, कुणाला न्यायचं आहे का. दादांच्या घरीही विचारते. त्यांची बायको पाणी देते, मी पिते.

फाट्यावरून वर जायला चार मिनिटं लागतात.