पालथं पान

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल, आणि झाला असेलच तर साडूंना त्याचाही संशय आला असेल. मानवतला आडतीवर कापूस पारखण्यात त्यांची हयात गेली. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकूनही बघत नसत. कोपरापर्यंत हात खुपसून मधला मूठभर कापूस ओढून काढत. "वरचा कापूस कुणीबी चांगलाच ठेवतंय," हे त्यांचं म्हणणं. पुढे तो हात आडतीपुरता राहिला नाही. तांदळाच्या पोत्यात, अंड्यांच्या टोपलीच्या तळाशी, आणि एकदा तर माझ्या देखत लग्नातल्या बुंदीच्या परातीत तो गेला. वाढपी बघतच राहिला.

त्यांची मुलगी सुमन लग्नाची झाली तेव्हा मला या हाताची धास्ती वाटू लागली. तिची आई मागेच वारलेली, घरात बापलेक दोघंच. एक स्थळ त्यांनी घराला ताजा चुना दिसला म्हणून नाकारलं; दुसरं, मुलाचा बाप फार हसतो म्हणून. तिसरा मुलगा येलदरीच्या वीजघरात नोकरीला होता आणि सुमनला तो मनापासून आवडला होता. "आबा, या बारीला हात खुपसू नका," ती म्हणाली. मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत त्यांनी खुपसलाच. हाताला पत्ते लागले.

"खेळतो मामा," मुलगा सरळ म्हणाला. "स्टड पोकर. पैशावर न्हाई, चिंचोक्यावर."

पैशावर खेळला असता तर साडूंनी नुसता नकार दिला असता. चिंचोक्यांमुळे संशय दुप्पट झाला. "साडूभाऊ, तुमाला हिशेब कळतो, तुमी चला," म्हणून मला एस.टी.त घालून त्यांनी येलदरीला नेलं.

मुलाने शब्द समजावले ते मला लगेच पटले. पानं वाटण्याआधी प्रत्येकाने मधे टाकायचा चिंचोका ती अँटी. प्रत्येकाला एक पान पालथं, ते होल कार्ड. मग एकेक करून चार उघडी. काही न टाकता पाळी पुढे द्यायची तर चेक, समोरच्याने वाढवलं तर ते रेज, त्याच्याइतकं टाकलं तर कॉल, पानं टाकून दिली तर फोल्ड. पण पानं वाटून होताच साडूंचा हात मुलाच्या पालथ्या पानावर गेला.

"मामा, ते बघायचं नसतंय."

"मग मी टाकू कशाच्या भरवशावर?"

"उघड्या चार पानांच्या."

"ती तर वरचीच की!"

"शेवटाला दिसतंय मामा. कॉल करा. मग माझं उघडतंय, तुमचंबी उघडतंय."

साडू थबकले. आडतीवर आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याची गाडी उपसली होती. त्यांची कुणी उपसली नव्हती. चिंचोका मुठीतच ठेवून त्यांनी पानं टाकून दिली. "फोल्ड," म्हणाले. शब्द मात्र बरोबर वापरला.

परतीच्या गाडीत जिंतूर आलं. साडू खिडकीकडे बघत म्हणाले, "पोरगं चोख हाय. खोट काढायला लय बघितलं, न्हाई सापडली."

"मग अडलंय कुठं?"

"सुमी गेल्यावर घरात कोण हाय, साडूभाऊ?"

नाकारलेल्या दोन्ही स्थळांचा हिशेब मला तिथे लागला.

लग्न झालं. सुमन येलदरीला सुखात आहे. मी मानवतला गेलो की साडू पत्ते काढतात. अँटीचा एकेक चिंचोका पडतो, एक पान पालथं, चार उघडी. ते म्हणतात, "चेक." मीही म्हणतो, "चेक." शेवटी पालथी पानं उघडायची वेळ आली की माझ्या पानावर ते आपला हात ठेवतात. पूर्वी हा हात आत काय आहे ते काढायला जायचा.

"ऱ्हाऊ द्या की पालथंच," म्हणतात. "उघडलं की डाव संपतोय, अन् तुमी पिशवी उचलताय. बसा, चहा टाकतो."