लिंबाखालची पांढरी गाडी

बसा. केडगावच्या एका गल्लीतून मी अजून मान खाली घालून जातो. का, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

विषय आईच्या गाडीचा. माझी आई अडुसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स. सगळी नोकरी कर्जत तालुक्यात झाली आणि नोकरीतच ती गाडी चालवायला शिकली. आता आम्ही नगरला राहतो, पण तिची थोरली बहीण कर्जतला अंथरुणाला खिळून आहे. दर बुधवारी आई स्वतः गाडी हाकत तिकडे जायची, मावशीला अंघोळ घालून, चार घास भरवून परत यायची. एका बुधवारी ती जुनी गाडी मिरजगावच्या अलीकडे बंद पडली, ती पडलीच. आमचे मिस्त्री रफिकभाई म्हणाले, आता हिच्यावर खर्च करू नका. मग आई एसटीने जायला लागली. तिसऱ्या खेपेला गुडघा धरून बसली. तिकडे मावशी दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देईना.

म्हणून दुसरी गाडी शोधायचं मी अंगावर घेतलं. मी शाळेत गणित शिकवतो. मी वही केली, रकाने आखले, मायलेज, टायर, विमा, सगळं मांडलं. आईचं म्हणणं एवढंच होतं, की गाडी सकाळी पटकन सुरू व्हावी आणि रस्त्यात दगा देऊ नये. माझ्या वहीत हे मुद्दे सतराव्या नंबरवर होते.

दोन महिने गेले. शेवटी केडगावच्या एका गायकवाड काकांची गाडी कळली. जुनी, पण आमच्या खिशाला परवडणारी. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून आम्ही मायलेक तिथे गेलो. काकांनी चहा टाकायला सांगितला, माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाले, बाहेर लिंबाखाली पांढरी उभी आहे, मिस्त्रीला दाखवून आणा. बॅटरी जरा कमजोर आहे, धक्का मारावा लागेल, हेही सांगितलं. आई माझ्याबरोबर निघाली होती. मीच तिला म्हणालो, "तू निवांत चहा पी. गाडीतलं मला कळतं."

हे वाक्य मी बोललो. नाकारत नाही.

लिंबाखाली पांढरी गाडी होती. चावी दारात जरा अडली, हलवली तशी फिरली. आणि गाडी अर्ध्या चावीत सुरू झाली. मला वाटलं, काय सज्जन माणूस, उगाच स्वतःच्या गाडीला नावं ठेवतोय. मागच्या सीटवर एक भरजरी साडी, नारळ आणि लाल कापडाने झाकलेलं मोठं ताट होतं. आता विकायच्या गाडीत नारळ कशाला, असं तुम्हाला वाटलं असतं. मला वाटलं, गाडीची पूजा करून देणार असतील.

रफिकभाईंनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहराच उजळला. इंजिन फुलासारखं ठेवलंय म्हणाले. कागद मागितले, तर मी सांगितलं की आईकडे आहेत. नंबर? नंबराचा रकाना माझ्या वहीत नव्हता. मी तिथूनच आईला फोन केला, की गाडी सोन्यासारखी आहे, काकांना इसार देऊन टाक. तिने विचारलं, "नीट बघितलीस ना?" मी म्हणालो, अगदी आतून बाहेरून.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मागच्या काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'मामा-भाचे' लिहिलं होतं. आईला गाडीवर काही लिहिलेलं आवडत नाही. म्हटलं, आता आपलीच गाडी. रफिकभाईंकडून पातं घेतलं, अर्धा तास बसून मी ती अक्षरं खरवडून काढली आणि गाडी धुऊन घेतली.

तासा-दीड तासाने परत आलो, तर गल्लीत ही गर्दी. फेटे बांधलेली माणसं, नटलेल्या बायका. मी हॉर्न वाजवत, हसत गाडी लिंबाखाली लावली आणि उतरून म्हणालो, "पसंत आहे."

पुढच्या क्षणाला माझी कॉलर एका तरण्या गड्याच्या मुठीत होती.

झालं होतं असं. शेजारच्या घरी साखरपुडा होता. मुलाकडचे लोक कर्जतहून आले होते. गाडी नवरदेवाच्या मामाची. साडी, नारळ, ताटातल्या अंगठ्या, साखरेचा पुडा, सगळं गाडीत, आणि गाडी माझ्याकडे. मुहूर्त टळून गेला होता. मुलीची आजी रडत होती. मुलीचे वडील म्हणत होते, हा अपशकुन आहे, पुन्हा विचार करू. पोलिसांना फोन गेला होता. वर गाडी धुतलेली आणि काचेवरचं नाव खरवडलेलं. चोर तरी आणखी काय करतो?

मी सांगत होतो, की माझ्याकडे चावी आहे. ते मला शांतपणे विचारत होते, की कुठून आणली.

तेवढ्यात काकांच्या घरातून आई बाहेर आली. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरून मामांसमोर हात जोडले. म्हणाली, "माझा मुलगा आहे. चोर नाही. त्याला वाटतं, त्याला गाडीतलं कळतं."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "सिस्टर? तुमी आमच्या गावच्या दवाखान्यात हुत्या का न्हाई?"

होती. मामांच्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. त्यातलं दुसरं बाळ म्हणजे समोर फेटा बांधून उभा असलेला नवरदेव. कॉलर सुटली. आई मुलीच्या आजीजवळ बसली, तिचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलली, आणि अर्ध्या तासाने साखरपुडा लागला. आम्हाला जेवायलाही बसवलं. वाढताना मामा माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "समदं मिळालं, मास्तर. पन भाच्याचं नाव आजच पुसायचं हुतं व्हय?"



काकांची खरी गाडी लिंबाच्या पलीकडे, बुंध्याआड होती. तीही पांढरी. चौघांनी धक्का मारला तरी ती खोकून गप्प झाली. काकांनी मला आधीच बजावलं होतं, त्यामुळे इसार परत मागायला तोंड नव्हतं. रफिकभाईंनी नंतर समजावलं, की जुन्या गाड्यांची कुलपं झिजतात, मग कुठलीही चावी कुठेही लागते. समजावताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढच्या बुधवारी मामांचा फोन आला, मला नाही, आईला. त्यांच्या चुलतभावाची गाडी विकायची होती. आई एसटीने गेली. मावशीचं सगळं आवरलं, मग गाडी बघितली. एकदा सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली, गावाबाहेरच्या चढावर नेऊन आणली आणि घेऊन टाकली. दोन प्रश्न, पंधरा मिनिटं. माझी वही मी रद्दीत घातली.

ती गाडी आजवर एकदाही अडली नाही. मलाही कधीमधी चालवायला मिळते, नाही असं नाही. आई चावी देते. पण नुसती देत नाही. गुडघा दुखत असला तरी माझ्याबरोबर फाटकापर्यंत येते, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवते आणि सगळ्या आळीसमोर मला सांगते, "ही."