नुसता दिवा

यार्वोझवर, आमच्या खाणीच्या गावावर, पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा शाळेच्या जुन्या बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, प्रत्येकानं गावातल्या एका माणसाबद्दल लिहायचं. मुख्य इंजिनियर, पदकवाले कामगार, डॉक्टर हे सगळे आधीच वाटून झाले होते. मी विचारलं, "अन्फीसा कुणी घेतलीय का?" बाई म्हणाल्या, "दिव्यांच्या खोलीतली ना? नाही घेतली. तुम्ही घ्या." मला लिहायची सवय नाही. कुठे चुकलं तर बाई सुधारतील.

अन्फीसा पावलोव्हना एकोणिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या करारावर आमच्या खाणीत आली आणि एकेचाळीस वर्षं राहिली. नवरा, प्रोखोर, दक्षिणेत घर बघून येतो म्हणून गेला. तिकडून तीन पत्रं आली. चौथ्याची तिनं किती वाट बघितली ते मला ठाऊक नाही. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

तिचं काम दिव्यांच्या खोलीत. खाली उतरताना प्रत्येकानं आपलं पितळी टोकन तिच्या खिडकीत द्यायचं. ती ते फळीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि टोपीला लावायचा दिवा हातात ठेवायची. वर आलं की दिवा द्यायचा, टोकन घ्यायचं. फळी रिकामी झाली म्हणजे सगळे वर आले. त्याशिवाय ती घरी जात नसे. आम्हाला ती नावानं नाही, आकड्यानं ओळखायची. मी एकशे बारा. पुढे कंबर गेली आणि मला बॉयलरवर, नळांच्या कामाला लावलं, तरी मी एकशे बाराच राहिलो.

"एकशे बारा, मफलर नीट गुंडाळ. बायको नाही म्हणून काय गळा उघडा टाकून हिंडायचं?"

पोरं तिला छळायची. "अन्फीसा मावशी, आज दिवा फार मंद दिलात."

"दिवा बरा आहे रे, रात्रीची उतरली नाही तुझी. हो पुढं!"

एका वर्षी खाली खाणीत तिसऱ्या गल्लीचं छत बसलं. दोन दिवसांनी बचाववाल्यांनी तीन दिवे वर आणले आणि तिच्या खिडकीत ठेवले. तिनं ते हातानं मागे सारले.

"नुसता दिवा मी घेत नाही. माणूस आणा."

"मावशी, माणसं नाही मिळायची आता."

"मग दिवे तुमच्याकडेच ठेवा."

ती तीन टोकनं खाण बंद होईपर्यंत फळीवर होती. खरं तिलाच ठाऊक, पण मला वाटतं, त्या दिवसानंतर ती घरी गेली तरी पूर्ण गेली नाही.

आता लिंबाचं. खाणीच्या कँटीनमध्ये चहात पडलेल्या लिंबाची बी तिनं एकदा डब्यात लावली. त्याचं झाड झालं. डब्यातून बादलीत, बादलीतून सुरुंगाच्या दारूच्या लाकडी खोक्यात. शेवटी ते छताला टेकलं. बाहेर उणे चाळीस आणि तिच्या स्वयंपाकघरात लिंबाचा मोहर, हे बघायला माणसं काहीतरी निमित्त काढून यायची. मीही यायचो. तिच्याकडचा रेडिएटर मी वर्षातून चारदा दुरुस्त केला असेल. तो कधीच बिघडलेला नव्हता.

खाण बंद झाली. माणसं खाली दक्षिणेत निघाली. जाताना प्रत्येक घर तिच्याकडे आपली किल्ली द्यायचं, कुंड्यांना पाणी घाला म्हणून. ती राहायची ती नऊ नंबरची इमारत बत्तीस घरांची. बघता बघता सात घरं उरली. आणि शहरातून नियम आला. ज्या इमारतीत बारापेक्षा कमी घरं नांदती असतील, तिच्या रेडिएटरांचं गरम पाणी तोडायचं आणि लोकांना शहरात हलवायचं. पोटात एवढा कोळसा असलेलं गाव, पण आमच्या बॉयलरला कोळसा आता बाहेरून यायचा.

अन्फीसाला शहरात जायचं नव्हतं असं नाही. तिला फक्त जूनपर्यंत थांबायचं होतं. "हिवाळ्यात झाड दारापासून ट्रकपर्यंत जाईस्तोवर मरेल," ती म्हणाली. "जूनमध्ये चालत ने म्हणशील तरी नेईन." तिनं शहरात अर्ज केला. अर्जात लिंबाचं झाड लिहू नको, असं मी म्हटलं होतं. तिनं लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग मी सुचवलं. हा शहाणपणा माझाच. रिकाम्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे होत्याच. आठ घरांत पडदे लावायचे, खिडकीत कुंडी ठेवायची, सकाळी दिवा लावायचा. दिवसभर अंधार असतो त्या दिवसांत खिडकीवरूनच आम्ही कोण आहे, कोण गेलं ते ओळखतो. तपासणीवाले दुसरं काय बघणार? अन्फीसा म्हणाली, "म्हणजे मला परत दिव्यांच्या कामावर घेतलंस." त्या हिवाळ्यात ती रोज चार मजले चढायची. जानेवारीत तिचा गुडघा सुजला. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला.

आमच्या दक्षिणेला टेकडी आहे. तिच्यामुळे दोन महिने सूर्य दिसत नाही. जानेवारीच्या शेवटी एका दुपारी टेकडी आणि खाणीच्या मातीचा ढीग यांच्या फटीत तो दहा मिनिटं येतो. त्या वेळी घरातले सगळे दिवे मालवून बाहेर यायचं, ही आमची रीत. खाणीतून आलेली. वर उजेडात आल्यावर पहिल्यांदा टोपीवरचा दिवा बंद करायचा. वर येऊनही ज्याचा दिवा जळतोय तो अजून खालीच आहे, असं समजतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. हात आपोआप बटणाकडे जातो.

त्या दिवशी पावणेबाराला सगळे इमारतीसमोर जमले. कुणी तव्यावरची गरम घावनं आणली होती, कुणी बाटली. अन्फीसा काठी टेकत आली आणि मी तिच्यासाठी घावनात साखर घालत होतो. तेवढ्यात शहरातून गाडी आली. तपासणीच्या बाई, इन्ना विक्तोरोव्हना, हातात कागद घेऊन उतरल्या. त्यांनीही टोपी सारखी केली आणि आमच्याबरोबर उभ्या राहिल्या. सूर्य आला. पोरं ओरडली. दहा मिनिटं आम्ही तिकडेच तोंड करून उभे होतो.

मग बाई मागे वळल्या. आम्हीही वळलो. इमारत सगळी काळी होती, आणि तिच्यात आठ खिडक्या पिवळ्या जळत होत्या.

माझा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला. सकाळी दिवे लावायचे एवढंच डोक्यात होतं. मालवायला तिथे कुणी माणूसच नव्हतं.

"सूर्य आला आणि यांनी दिवे नाही मालवले?" इन्ना विक्तोरोव्हना हळूच म्हणाल्या. "यार्वोझमध्ये?"

"बाई," मी म्हटलं, "झोपले असतील लोक."

"माझे बाबा पलीकडच्या खाणीत होते हो. आजारी असले तरी आईला सांगायचे, आधी दिवा मालव." त्यांनी कागदावर काही लिहिलं. मग अन्फीसाजवळ आल्या. "मावशी, तुमचा अर्ज मी वाचला होता. मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी येऊन लिहील."

"लिही बाळ," अन्फीसा म्हणाली. "घावन खाऊन लिही. गार होतंय."

 मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवसांची मुदत मिळाली. झाड आम्ही दारातून काढून बघितलं. अर्धं छाटल्याशिवाय जिन्यात वळत नव्हतं. तिनं करवतीला हात लावू दिला नाही. शेवटच्या सकाळी तिनं झाडाला गोधड्या, खाणीतले दोन जुने कोट आणि स्वतःची लोकरी शाल गुंडाळली. खोक्याच्या कडेला टोपीचा एक दिवा ठेवला. खाण बंद झाली तेव्हा तेवढा एक तिनं मागून घेतला होता. तो लावला.

निघण्याआधी आमच्याकडे क्षणभर बसतात. ती बोचक्यावर बसली, मी उलट्या बादलीवर.

"बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"माहितीय. मुळापासून कोंब फुटतो कधी कधी," ती म्हणाली. "तो वर आला की दिवा आणून दे."

ट्रक गेल्यावर मी तळघरात जाऊन गरम पाण्याच्या नळाची चावी बंद केली. ते माझंच काम होतं, दुसरं कुणी नव्हतं करायला. पाणी सोडून दिलं. नळ बराच वेळ टकटक करत होते. मग तेही थांबले.

जूनमध्ये तिच्या घरी गेलो. शाल सोडून बघितली तर पानं हिरवीच होती, पण हात लावताच चुरा झाला. खोड नखानं खरवडलं. पार खालपर्यंत तपकिरी. मी दर आठवड्याला पाणी घालत राहिलो, सप्टेंबरात पहिला बर्फ पडेपर्यंत. काही फुटलं नाही.

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. दिवा पुसला आणि शहरात तिच्या खोलीवर गेलो. वाटेत ठरवलं होतं, फुटला म्हणून सांगायचं. एक कोंब. तिला कोण दाखवायला नेणार तिथवर?

तिनं चहा ठेवला. मी दिवा टेबलावर ठेवला. "आणलाय," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

तिनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हातानं तो हळूच माझ्या बाजूला सारला.

"नुसता दिवा मी घेत नाही, एकशे बारा. तुला माहितीय."

आम्ही चहा प्यालो. गुडघ्याबद्दल बोललो. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. दिवा माझ्याकडेच आहे, कुणाला द्यावा ते समजत नाही. बाईंना पुस्तकात त्याचा फोटो हवा असेल तर घेऊन जावा.