दहा इंच रुंद, पाच इंच उंच

तेलगावकडची ती घटना आठवली, की निवृत्तीनंतरही माझे डोके तापते.

एका दुकानदाराने घराचे काम काढले होते. दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठा हॉल करायचा आणि स्लॅबला आधार म्हणून तिथे लोखंडी गर्डर टाकायचा. गर्डरचे माप एका तरुण इंजिनियरने काढून दिले होते. टेकू काढले त्याच दुपारी स्लॅब खाली आला. पाटी घेऊन उभी असलेली मजूर बाई जागीच गेली.

घरमालक आणि मिस्त्री यांचे जबाब शब्दाला शब्द जुळले: "इंजिनियरनं गर्डरचं माप कमी दिलं." तिथेच मला खटकायला हवे होते. खरे बोलणारी दोन माणसे कधी एकसारखी बोलत नाहीत. पण ठाण्याबाहेर जमाव होता आणि वरून फोनवर फोन येत होते. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून मी त्या तरुण इंजिनियरला अटक केली. तो एकच सांगत राहिला, "साहेब, माझं माप बरोबर आहे."

मी त्याच्यावर खेकसलो, "बाई मेली, आणि तू मापं सांगतोस?"

तिसऱ्या दिवशी मयत बाईचा नवरा ठाण्यात आला. तोही त्याच कामावर होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, गर्डर ल्हान न्हवता. आमी त्याला आडवा झोपीवला."

"का?"

"मालक म्हनले, बीमाखाली बसू न्हाई, घराला चांगलं नसतंय. आडवा करून पीओपीच्या छतात लपवा. मिस्त्री हो म्हनला. म्या बी खांदा लावला, साहेब."

मी इंजिनियरला कोठडीतून बाहेर बोलावले. त्याने माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली. आडवी धरून दाबली, ती वाकली. कडेवर उभी धरून दाबली, ती हलली नाही. "गर्डरचंही असंच असतं. दहा बाय पाचचा आहे, दहा इंची बाजू उभी राहिली तरच तो भार पेलतो," एवढेच तो म्हणाला.

पण ढिगाऱ्यातला गर्डर पिळवटून पडलेला. तो कसा बसवला होता, याला पुरावा काय? मी फाईल उघडली. पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात हवालदाराने लिहून ठेवले होते: 'न पडलेल्या भिंतीत गर्डरची खाच, रुंदी दहा इंच, उंची पाच इंच.' गर्डर आडवाच होता.

कागद समोर ठेवताच मिस्त्रीने मालकाकडे बोट दाखवले. मालक तर वर तोंड करून म्हणाला, "साहेब, म्या इंजिनियरनं सांगितला तोच गर्डर आणला. मापात कुठं कमी केलं?"

"मग माप कमी दिल्याचा जबाब कशाला दिला बे?" मी टेबलावर हात आपटला. 

पुढे दोघांवर दोषारोपपत्र गेले. इंजिनियर सुटला. जाताना त्याने अंगझडतीत काढून घेतलेला मोजपट्टा तेवढा मागून घेतला.

त्या मालकाचा संताप येतो, मिस्त्रीचाही येतो. आपल्या हातून बाई मेली हे माहीत असताना त्यांनी दुसऱ्याचा बळी दिला. पण कबुली दिली ती बायको गमावलेल्या मजुराने, तीही कोणी विचारलेले नसताना. आणि मी? नोकरीत असताना नव्या पोरांना सांगायचो, आधी स्वतःची फाईल वाचा. कारण विचारले की विषय बदलायचो. त्या पंचनाम्याखाली सही माझी होती. न वाचता केलेली.