वंशावळीतलं दुसरं घर

माझ्या लेकीचा इंजिनीअरिंगला नंबर लागला आणि आमच्या घरात पूर्वजांचा शोध सुरू झाला. हौस म्हणून नाही हो! जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर सीट जाणार होती, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातला, जात लिहिलेला कागद लागतो. आमच्याकडे पणजोबांची फक्त कीर्ती होती.

ती कीर्ती बाबा सांभाळायचे. बाबा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. "माझे आजोबा परस्त्रीसमोर मान वर करत नव्हते," हे मी लहानपणापासून इतकं ऐकलं, की कॉलेजात एका मुलीला नोट्स दिल्या तेव्हाही मला पणजोबाच आठवले.

तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक असतं, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तीन चकरा मारल्यावर तिथल्या बाबूनं आमच्या गावचं बुक काढलं. माझ्या आजोबांचा जन्म सापडला. बापाचं नाव बरोबर. आणि जातीच्या रकान्यात वाळवी जेवून गेलेली! अख्खं पान सोडून नेमकी तिथंच. मी कपाळावर हात मारला.

"थांबा नं भाऊ," बाबू म्हणाला. "याच पानावर तुमच्या पणजोबाले आणखी एक पोट्टं झालं आहे. जात साफ दिसून राहिली."

"जुळे असतील."

"आई वेगळी लिहिली आहे नं! घर बी वेगळं."

एकाच हप्त्यात, एकाच गावात, दोन घरी दोन मुलगे. मान वर न करता माणसानं एवढं जमवलं म्हणजे कमालच! बाबू इतका खुश झाला की त्यानं शेजारच्या टेबलावरच्या दोघांनाही बोलावून ते पान दाखवलं. मला लाज वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता.

पण त्या नोंदीची नुसती नक्कल चालत नाही. त्या मुलाशी आपलं नातं वंशावळीत दाखवावं लागतं, आणि आमच्याकडे त्याचं शपथपत्र घरातल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे बाबांनीच, करायचं होतं.

बाबांनी नक्कल चष्म्याशी धरून वाचली आणि टेबलावर उपडी ठेवली. "लिहिणाऱ्यानं चूक केली असेल. मी सही करणार नाही."

"काहून जी?"

"माझ्या आजोबांची बदनामी मी स्टॅम्प पेपरवर करू?"

माझं टाळकंच सरकलं. "अहो, ते कधीचे गेले! त्यांची आता किती बदनामी होणार? इकडे परवा पोरीची सीट जाऊन राहिली!"

लेक ओरडली नाही. ती त्यांच्या पलंगावर जाऊन बसली. "आबा, तो दुसरा मुलगा पुढं कुठं गेला?"

बाबा घरातही शुद्ध बोलतात, पण मन हललं की गावच्या बोलीवर येतात. "इतवारीच्या बाजारात," ते म्हणाले. "भांड्याच्या दुकानात कामाले होता."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं!

"माहे वडील गेले तेव्हा आला होता. खांदा देऊ द्या म्हणे. मी म्हटलं, तुम्ही कोण? सगळ्या लोकांसमोर म्हटलं. घाटापर्यंत मागं मागं चालत आला बिचारा." आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांची कीव आली, आणि ती आली याचंच फार वाईट वाटलं.

लेकीनं हळूच वंशावळीचा कागद पुढं केला. पणजोबांच्या खाली मी आजोबांचं नाव लिहून ठेवलं होतं आणि त्यांच्या पुढं रिकामी जागा सोडली होती. बाबांनी नक्कल सरळ केली, दोन्ही नोंदींच्या तारखांवरून बोट फिरवलं आणि पेन उचलून माझ्या कागदावर आडवी रेघ मारली.

"नवा कागद आण," ते म्हणाले. "क्रम चुकला तुहा. त्याचं नाव आधी येते. माह्या बापापेक्षा दोन दिवसानं मोठा होता तो. घरातला थोरला होय."